सत्यप्रत

जन्मनोंद कचेरीत माझी खिडकी तिसरी.
तेवीस डॉलर, एक अर्ज,
मग मी आतल्या कपाटातून
माणूस जन्मल्याचं काढून देते.
वर उठावाचा शिक्का. बोटाला लागतो,
जुन्या जखमेच्या वणासारखा.

पूर्वी लोक यायचे पासपोर्टसाठी, लग्नासाठी.
दुपारी मी शब्दकोडी सोडवायचे.
बाहेरचे कोण ते हुडकायला
फेब्रुवारीत शहर पोलीसही निघाले,
तेव्हापासून रांग जिन्याखाली गेली आहे.
'कशासाठी हवा' असा अर्जात रकाना आहे.
लोक लिहितात : गाडीत ठेवायला.
एकीने लिहिलं : भाजी आणायला जाते म्हणून.

एलिसियो बाराहोना, छपरं घालणारा,
इथल्याच, नदीकाठच्या दवाखान्यातला जन्म,
तिसऱ्यांदा आला.
पहिली प्रत घामाने विरली,
दुसरी चौकीवर राहिली.
"प्लास्टिक चढवून द्या ना, बाई."
प्लास्टिक चढवलं की प्रत बाद होते, मी म्हटलं.
शिक्का बोटाला लागला पाहिजे.
हाताचं डांबर खरवडत तो हसला.
"म्हणजे कोरडा राहील तो खोटा,
आणि खरा असेल तो भिजणार."
यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

माझा दीर फाउस्तिनो म्हणतो,
एवढं काय त्यात?
बँकेत दाखवतो, विमानतळावर दाखवतो,
तसा पोलिसाला दाखवायचा. दोन मिनिटांचं काम.
कर नाही त्याला डर कशाला?
मी वाद घालत नाही.
त्याचे डोळे निळे आहेत, आजीकडून आलेले.
त्याची दोन मिनिटं
अजून सुरूच झालेली नाहीत.

आणि मंगळवारी खुद्द प्रुइट, गणवेशात, रांगेत.
नव्या मुलीचा दाखला हवा. डोळ्यांत जागरण.
माणूस वाईट नाही,
पुरात माझी गाडी त्यानेच ढकलली होती.
"ओळखपत्र?" मी विचारलं. सगळ्यांना विचारते.
त्याने छाती चाचपली, मग मागचा खिसा, मग पुन्हा छाती.
कानाच्या पाळ्या लाल.
अख्खी रांग गप्प.
"गाडीत राहिलं वाटतं."
आणा जाऊन, थांबते मी.
तो गेला, आला.
कुणी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं नाही.
सही करताना हळूच म्हणाला,
"वरून हुकूम आहे. कुणाला विचारायचं
ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.
चेहरा बघूनच ठरवावं लागतं."
त्याच्या मुलीचा दाखला मी जपून दिला.
वजन सात पौंड.

माझा आमादेओ सतरा वर्षांचा.
पहाटे पाचला कालव्याच्या कडेने धावतो.
अंगावर कपडा कमी, वारा जास्त.
कागद घेऊन जा, म्हटलं,
तर म्हणतो, "कुठे ठेवू, आई? दातांत धरू?"

जन्मला तेव्हा याच तळव्याला शाई लावून
नर्सने ठसा घेतला होता.
तेच पाऊल आता रस्त्यावर वाजतं.
अस्सल समोरून धावत येतंय
आणि साहेबांना नक्कल बघायची आहे.

काल रात्री सुई ओवली.
त्याच्या चड्डीला आतून, डाव्या बाजूला,
चार बोटांचा खिसा शिवला.
घडी शिक्क्यावर पडू नये
म्हणून कागद तीनदा उलगडला, तीनदा मिटला.
तेवीस वर्षांत हजारो प्रती दिल्या,
हात असा कधी अडला नव्हता.

पहाटे दार वाजलं.
उठून बघते तर कागद टेबलावर,
मिठाच्या बरणीखाली, नीट ठेवलेला.
खिसा गेला आहे, रिकामा.

पावणेसहाला येतो तो.
आत्ता पाच चाळीस.